द्राक्षांचा वास

"द्राक्षं कुणी आणलीत गं?" आईने विचारलं तेव्हा सावनी दाराशी बसून सँडलचा पट्टा लावत होती. कंपनीची बस कोपऱ्यावर यायची वेळ झाली होती. घरात द्राक्षं नव्हती. फेब्रुवारी संपत आला होता, गारखेड्याच्या चौकात जालन्याकडच्या द्राक्षांच्या हातगाड्या लागल्या होत्या, पण आईची साखर वाढेल म्हणून यंदा तिने एक घडसुद्धा घरात आणला नव्हता. "नाहीत गं आई द्राक्षं," ती म्हणाली. "आहेत," आई डोळे न उघडता म्हणाली, "चांगली पिकलेली आहेत. लपवून ठेवलीत तुम्ही." तक्रार नव्हती त्यात. लहान मुलाने लपाछपीत 'मला दिसलीस' म्हणावं तसं ती बोलली होती. दिवसभर आईला सांभाळणाऱ्या मनकर्णाबाई उशीचा अभ्रा बदलत होत्या. त्यांनी सावनीकडे बघून कपाळाजवळ बोट हलकेच फिरवलं, आणि मोठ्याने म्हणाल्या, "व्हय माय, हायेत. दुपारी खाऊ आपन दोघी. ताईला नाय द्यायची." आई हसली. सावनीने सँडलचा पट्टा पुन्हा एकदा सोडून लावला. मग आईच्या पायाकडे न बघता निघाली. डाव्या टाचेची जखम दिवाळीत रुपयाएवढी होती, आता तळहाताएवढी झाली होती. शुक्रवारी डॉक्टर बघणार होते. जखम घोट्याकडे सरकली असेल तर पाय गुडघ्याखालून काढावा लागेल, असं त्यांनी मागच्या खेपेला आवाज न बदलता सांगितलं होतं.

बस रेल्वे स्टेशनचा पूल उतरत असताना फोनवर रिपोर्ट आला. जखमेतला पू तपासायला दिला होता त्याचा. जंतूचं नाव वाचायला सावनीला अर्धा सेकंदही लागला नाही. गर्दीत ओळखीच्या माणसाची पाठ दिसावी, तसं. स्यूडोमोनास. खाली औषधांची नावं आणि बहुतेकांपुढे एकच अक्षर, म्हणजे हे औषध चालणार नाही. तिने फोन पर्समध्ये ठेवला आणि खिडकीच्या दांडीला धरलं. द्राक्षं. प्रयोगशाळेत नव्या मुली आल्या की ती त्यांना हेच शिकवायची. प्लेटचं झाकण किंचित उचललं आणि गोडसर, पिकून उतरू लागलेल्या द्राक्षांचा वास आला, तर झाकण मिटा आणि मला बोलवा. स्यूडोमोनास असा वास सोडतो. करोनानंतर सावनीचं स्वतःचं नाक मंदावलं होतं, शिवाय जखम धुताना ती मास्क लावायची. आईचं नाक मात्र शाबूत होतं. आई गादीवर पडल्या पडल्या स्वतःच्या पायाचा वास घेत होती आणि तिला द्राक्षं आठवत होती. पलीकडच्या सीटवर कुणीतरी मुलाच्या शाळेच्या प्रवेशाबद्दल बोलत होतं. नगर नाक्यावर बस थांबली, माणसं चढली.

साबणाच्या कारखान्यात तिची पंचवीसएक वर्षं गेली होती. तिचं काम साधं होतं आणि ते तिला आवडायचं. काचेच्या गोल प्लेटवर जंतूंची साय धरवायची, मधोमध साबणाचा थेंब टाकायचा आणि उबेत ठेवायचं. दुसऱ्या दिवशी थेंबाभोवती एक स्वच्छ कडं उमटलेलं असे. तिथे काही उगवत नसे. ते कडं मोजायचं आणि सही करायची. कडं पाडणाऱ्या रसायनाचं नाव ट्रायक्लोसान. पांढरी भुकटी, पाण्यात सहजी न विरघळणारी, किंचित फिनेलसारखा वास. जंतूला स्वतःभोवतीची भिंत बांधायला लागणारी चरबीच ते बनू देत नाही. सावनीला यातली शिस्त आवडायची. आरडाओरडा नाही, मारामारी नाही. फक्त बांधकाम थांबवायचं. पुढे बाहेरच्या देशांत त्याबद्दल शंका निघाल्या. धुऊन गेलेलं नदीनाल्यांत साठतं, साध्या साबणाहून जास्त असं काही करत नाही, उलट जंतूंना धडे मिळतात. सावनीने ते सगळं वाचलं होतं. गेल्या वर्षी कंपनीने ट्रायक्लोसान काढून टाकलं, लेबल बदललं, आणि जुना माल पाच-पाच लिटरच्या कॅनमध्ये नोकरांना वाटून टाकला. इतर बायकांनी एकेक कॅन नेला. सावनीने तीन नेले. कडं तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. सकाळी प्लेट उजेडाकडे धरल्यावर दिसणारी ती रिकामी, निर्मळ जागा. असं दुसरं काही तिच्या आयुष्यात नव्हतं. लग्न टिकलं नव्हतं, भाऊ पुण्यात होता, वडील मधुसूदनराव कचेरीतून निवृत्त होऊन वर्ष व्हायच्या आत गेले होते. कडं मात्र रोज उमटत होतं.

आईसुद्धा कड्याच्या मधोमध राहायची. पैठणला असताना सकाळी अंघोळ करून ती सोवळं नेसली की तिच्याभोवती हातभर अंतराची एक न दिसणारी रेघ असे, आणि नैवेद्य होईपर्यंत ती रेघ कुणी ओलांडायची नाही. सावनी पाच-सहा वर्षांची असेल. झोपेतून उठली की तिला आईला बिलगायचं असायचं आणि आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "शिवू नकोस हं." रागावून नाही. दूध उतू जातंय असं सांगावं तसं. मग सावनी दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवून उंबऱ्याशी उभी राहायची. हात पाठीमागे असले की चुकून लागत नाहीत, हे तिचं तिनेच शोधून काढलं होतं. वरणाची वाफ, तुपाचा वास, घंटेचा आवाज, आणि शेवटी आईचं "ये आता." त्या 'ये आता'साठी ती तासभरही उभी राहिली असती. पण कधी कधी आई ते म्हणायलाच विसरायची. कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं तेव्हा ती आईला म्हणाली होती, तुझ्या सोवळ्यात काही अर्थ नाही, हात साबणाने धुतले की पुरे. आई म्हणाली होती, "बरं. मग तू धुऊन ये, मी नाही म्हणत नाही." आणि सावनी खरोखरच धुऊन आली होती. तेव्हापासून ती धुतच होती. दारातून आल्यावर, भाजी निवडल्यावर, नोटा हाताळल्यावर, आणि भाऊ हिमांशू पहिल्यांदा आपलं बाळ घेऊन आला तेव्हा त्याला घेण्याच्या आधी आणि नंतरही.

जंतू कुठून आला, हा एकच प्रश्न त्या दिवशी तिच्या डोक्यात राहिला. प्लेटवर काही नको ते उगवलं की हेच विचारायचं असतं. पाणी, हवा, माणूस. माणूस म्हणजे मनकर्णाबाई. रोज बिडकीनहून एसटीने यायच्या, घरी म्हैस होती, पहाटे धार काढून, शेण उचलून निघायच्या. दोन वर्षांत आई त्यांच्याच हातून जेवू लागली होती. जिने एकेकाळी मोलकरणीच्या ओंजळीत पाणी वरून ओतलं, तीच आता 'मनकर्णे, तू भरव' म्हणून हट्ट करायची. सावनीने पहिल्याच दिवशी बाईंना बेसिनपाशी नेऊन हात कसे धुवायचे ते दाखवलं होतं. बाटली दाबायची, बोटांच्या बेचक्यांतून चोळायचं, पुन्हा दाबायची. बाई ते निमूट करत. एकदा म्हणाल्या होत्या, "ताई, सकाळी धारंला बसले तर म्हस लाथ झाडती. तिला वाटतं, ही कोन नवीन बाई आली! हाताला माज्या वळखीचा वासच ऱ्हायला नाय." सावनीला तेव्हा हसू आलं होतं.

त्या संध्याकाळी ती बस उतरून घरात शिरली आणि सँडल काढायच्या आधीच म्हणाली, "बाई, हात दाखवा." मनकर्णाबाईंनी दोन्ही हात पुढे केले, शाळेत नखं तपासतात तसे. नखं कापलेली होती. कडेला काळ्या रेघा होत्या, त्या मळाच्या की भेगांच्या, हे कळत नव्हतं. "जखमेला लावायच्या आधी धुता ना?" "धुते की. तुमी दावलं तसं. दोन येळा." "घरी शेण उचलता." "मंग कोन उचलंल? म्हशीला सांगू का, बाई, तुजं तूच उचल?" त्या हसल्या, आणि सावनी हसत नाही हे बघून थांबल्या. सावनी म्हणाली की पायात वाईट जंतू निघालाय, औषधाला दाद देत नाही, तो कुठूनतरी बाहेरून आलाय, तेव्हा काही दिवस त्यांनी येऊ नये, ती स्वतः रजा काढेल. "आन त्यो माज्यातूनच आला, आसं?" "तसं नाही म्हणत मी." "म्हनत नाय, पर तसंच हाये न्हवं." मनकर्णाबाईंनी पिशवी घेतली, आईच्या डोक्यावरून हात फिरवायला म्हणून वाकल्या, मग काय वाटलं कोण जाणे, हात तसाच आखडला. बेसिनपाशी गेल्या. बाटली दाबली, बेचक्यांतून चोळलं, पुन्हा दाबली, धुतलं, पदराला पुसलं आणि गेल्या. निघतानाही हात धुतात का कुणी, असं सावनीच्या मनात आलं. आईने विचारलं, "मनकर्णा रुसली का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने एकटीने जखम धुवायला घेतली. घरात दोघीच होत्या म्हणून मास्क लावायचा राहिला. डॉक्टरांनी नुसत्या सलाइनने धुवा म्हणून सांगितलं होतं, पण सलाइन म्हणजे मिठाचं पाणी, त्यावर तिचा विश्वास नव्हता. दिवाळीपासून रोज, सलाइनच्या आधी, ती बोटभर साबण फेसून जखमेच्या कडेने फिरवायची, आणि फेस थोडा आतही जाऊ द्यायची. आत गेलेला बरा, असं तिला वाटायचं. आज बाटली दाबली तर नुसती हवा आली. ती बाटली सावनी कॅनमधल्या साबणाने पुन्हा पुन्हा भरत आली होती. तळाशी नेहमी थोडं उरायचं, ते टाकून बाटली विसळायची म्हटलं तर फेस जाईपर्यंत चार तांबे पाणी लागतं, आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा. ज्या गावात पाण्याचा वार लक्षात ठेवावा लागतो तिथे बाटल्या कुणी विसळत नाही. उरलेल्यावर नवीन ओतायचं, दाट वाटलं की मोरीतल्या ड्रममधलं अर्धा पेला पाणी घालायचं, झाकण लावून हलवायचं. सगळ्या घरांत असंच करतात. आईनेही शिकेकाईच्या डब्यापासून शाईच्या दौतीपर्यंत असंच केलं होतं. संपलं असं म्हणायच्या आधी पाणी घालून बघायचं. सावनीने ड्रमचं झाकण सरकवलं. पाणी येऊन बरेच दिवस झाले होते, कडेला बोट लावलं तर बुळबुळीत लागलं. तिने पेला बुडवला, बाटलीत ओतला, हलवलं, आणि दाबून फेस हातावर घेतला. आईच्या पायाशी वाकली. आईने डोळे उघडले. "बघ," ती म्हणाली, समाधानाने, "मी म्हणत नव्हते? हातातच तर आहेत तुझ्या."

सावनीने हात नाकाशी नेला. लिंबाचा, कारखान्यातला, ओळखीचा वास. आणि त्याच्या खाली, खोल, तिच्या अर्धवट नाकालाही पोचेल असा, गोड.

बाटली तिने दोन पिशव्यांत गुंडाळली. शेजारच्या काकूंना आईजवळ बसवून, रजेच्या दिवशी, रिक्षाने ती वाळूजला, कारखान्यात गेली. रस्त्यात बाबा पेट्रोल पंपाच्या सिग्नलला एक द्राक्षवाला रिक्षाशी येऊन म्हणाला, "शक्कर है बाई, शक्कर. खाके देखो, मीठी नै निकली तो पैसे नक्को." तिने मान फिरवली. प्रयोगशाळेत तिने बाटलीची नळी उभी चिरली. आतून बोटाला चिकटेल असा पातळ, पारदर्शक लेप होता, शेवाळ धरायच्या आधी दगडाला असतो तसा. तिने त्यातून प्लेटा धरवल्या. दुसऱ्या सकाळी त्या मोरपंखाच्या कडेसारख्या निळ्या-हिरव्या झाल्या होत्या. मग तिने नेहमीचं केलं. करायची गरज नव्हती, पण हाताला दुसरं काही येत नव्हतं. त्याच जंतूची साय धरवून मधोमध ट्रायक्लोसानच्या साबणाचा थेंब टाकला. तिला उत्तर माहीत होतं, पुस्तकात पंचवीस वर्षांपासून लिहिलेलं होतं. हा एक जंतू त्या रसायनाला मुळातच जुमानत नाही, आत आलेलं तो उपसून बाहेर टाकतो. कंपनीत साबण विकायच्या आधी तो जंतू त्यात नाही ना, हे तीच तपासायची. कारखान्यातून निघालेला साबण स्वच्छ होता. बाकीच्या सगळ्या जंतूंना दूर ठेवणारं ते निर्मळ कडं तिने स्वतः घरी नेलं, त्यात ड्रमचं पाणी घातलं, आणि ते एकालाच मोकळं ठेवून दिवाळीपासून रोज आईच्या पायाला लावलं. पुढच्या सकाळी तिने प्लेट उजेडाकडे धरली. कडं नव्हतं. हिरवी साय थेंबापर्यंत येऊन थेंबावरही चढली होती. श्रेया, हाताखालची मुलगी, मागून म्हणाली, "अय्यो, मॅडम, ही कुठली बॅच?" सावनी म्हणाली, "टाकून दे." आणि मग, श्रेया प्लेट उचलत असताना, "नको. राहू दे थोडा वेळ."

शुक्रवारी डॉक्टरांनी पट्टी उलगडली, घोट्याच्या वर बोटाने दाबून पाहिलं आणि म्हणाले, आजच. सावनीने त्यांना व्हरांड्यात गाठून बाटलीचं सांगितलं, व्यवस्थित, क्रमाने, रिपोर्ट वाचून दाखवावा तसं. ते ऐकत होते, पण डोळे घड्याळावर होते. "मॅडम, साखर आहे, वय आहे, रक्तपुरवठा नाहीये. कशाकशाला धराल? कुठून आला, यानं आता काय फरक पडतो?" हिमांशूला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "तू स्वतःला त्रास करून घेऊ नको बरं. तू त्यातली जाणकार आहेस, तू आहेस म्हणून तर आम्ही निर्धास्त असतो." तो गाडीत होता, निघाला होता, संध्याकाळपर्यंत पोचणार होता. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की तिला शिक्षा नको होती. निदान कुणीतरी खरं मानायला हवं होतं. एवढं साधं, प्लेटवर दिसणारं सत्य, आणि ते घ्यायला कुणाचा हात रिकामा नव्हता.

जिन्याच्या तोंडाशी मनकर्णाबाई उभ्या होत्या. शेजारच्या काकूंनी कळवलं असावं. त्यांच्या हातात फडक्यात बांधलेली पुडी होती. "पाय काढनार म्हनले. बघाया आले," त्या म्हणाल्या. "शिवनार नाय, भिऊ नगा." सावनी म्हणाली, "बाई, तुमच्या हातांचं काही नव्हतं." "मंग कशाचं व्हतं?" "साबणाचं. मी दिलेल्या त्या साबणातच होता जंतू." मनकर्णाबाईंनी तिच्याकडे बघितलं, बराच वेळ, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर दया आली. "आसं कुटं आसतंय व्हय? साबनानं कुनाला घान व्हती का, ताई! तुमी लई जागरनं केली. बसा जरा." फडकं त्यांनी कठड्यावर ठेवलं. "माय मागत व्हती. चार दानं. डाक्टर हो म्हनले तरच द्या." पुडीतून काय दिसतंय ते बघायची सावनीला गरज नव्हती. बाई पुढे काही बोलल्या, म्हशीबद्दल असेल, पण ती ऐकत नव्हती. म्हणजे आता हे हातही तसेच राहणार होते, तिने दोषी ठरवलेले आणि त्यांनी मान्य करून टाकलेले.

ऑपरेशनच्या आधी आत जाऊन भेटता येतं, हात धुऊन जा, असं सिस्टरने सांगितलं. दाराशी बेसिन होतं, भिंतीला बाटली अडकवलेली. सावनीने दाबली, चोळलं, बेचक्यांतून, पुन्हा दाबली. बाटली फुसफुसली. "थांबा हं," सिस्टर म्हणाली, बेसिनखालचा कॅन काढला, बाटलीत जे होतं त्यावरच ओतला, दाट वाटला म्हणून नळाखाली धरून थोडं पाणी घेतलं, झाकण लावून हलवलं आणि पुन्हा भिंतीला अडकवली. किती सहज. किती घरगुती हात. सावनी ओले हात समोर धरून आत गेली.

आई खाटेवर होती, हिरव्या चादरीत, छोटी झालेली. तिला काय सांगितलं होतं आणि त्यातलं काय कळलं होतं, ते कळायला मार्ग नव्हता. पण सावनी दिसल्यावर तिने चादरीतून हात काढला आणि पुढे केला. बोटं हवेत किंचित हलत होती, काहीतरी धरायच्या बेतात. सावनी दोन पावलांवर थांबली. तिच्या तळव्यांवरून पाण्याचा एक थेंब मनगटाकडे घरंगळत होता. लिंबाचा वास येत होता, आणि त्याच्या खाली काय आहे, हे तिच्या नाकाला कळत नव्हतं. आता कधीच कळणार नव्हतं.

"आई, शिवू नकोस," ती म्हणाली. "मला शिवू नकोस."

आईने का म्हणून विचारलं नाही. तिने हात लगेच मागे घेतला, जन्मभर हा नियम पाळलेल्या माणसासारखा. "नैवेद्य व्हायचाय वाटतं अजून," ती म्हणाली. मग तिने दोन्ही हात चादरीखाली नेऊन पाठीशी सरकवले, चुकून लागू नयेत म्हणून, आणि दाराकडे बघत पडून राहिली. खाट हलवणारी माणसं आली. त्यांनी चाकाचा खटका काढला. आई अजून सावनीकडेच बघत होती, ती 'ये आता' कधी म्हणते याची वाट बघत.